आहात तिथेच थांबा

लिफ्टवाल्या काकांना अख्ख्या जगात एकच फोन नंबर पाठ होता, आणि तो नेमका सोडून आलेल्या घराचा होता.

आता यात हसण्यासारखं काही नाही. जो नंबर माणसाने स्वतःच्या हाताने, बारीक ब्रशने, पिवळ्या रंगात गावातल्या प्रत्येक लिफ्टमध्ये लिहिला, तो त्याने विसरायचा तरी कसा? 'लिफ्ट अडकल्यास घाबरू नये' आणि खाली घरचा नंबर. ऑफिस-बिफिस काही भानगड नव्हती. फोन घरात, दाराशेजारच्या कोनाड्यात, आणि तो उचलायला काकू. काकू कपडे शिवायच्या. त्यांनी मशीनच अशा बेताने मांडलं होतं की पाय पायट्यावर ठेवून डाव्या हाताने रिसीव्हर उचलता यावा. आधी फोन यायचे ते खालच्या दुकानदाराचे, की वर कोणीतरी लटकलंय. मोबाईल आले तसा आतला माणूसच फोन करायला लागला, रडवेल्या आवाजात.

काकूंचं उत्तर ठरलेलं होतं. "घाबरू नका. दाराला हात लावू नका. आहात तिथेच थांबा. मिस्त्री निघालेत." मिस्त्री कधी खरंच निघालेले असायचे, कधी अंगाला साबण लावून बसलेले असायचे. पण ते पोहोचेपर्यंत काकू फोन ठेवायच्या नाहीत. कितवा मजला, घरी कोण असतं, मुलीचं कुठे जमलं, सगळं विचारायच्या. एकदा एका अडकलेल्या बाईचं माप त्यांनी फोनवर घेऊन झगा बेतला, असं लोक सांगत. काकू म्हणायच्या, थापा आहेत, मी फक्त बाहीचं माप घेतलं होतं.

असं सगळं छान चाललेलं असताना काकांचे गुडघे गेले. लिफ्टच्या माणसाचे गुडघे गेले म्हणजे संपलंच. जिने चढून वरच्या यंत्राच्या खोलीत जायचं, लोखंडी शिडी उतरून खालच्या खड्ड्यात शिरायचं, ते कसं जमणार? तेवढ्यात, ज्यांच्या हाताखाली काका काम शिकले त्या जुन्या शेठचा निरोप आला. त्यांनी दुसऱ्या, चांगल्या मोठ्या शहरात लिफ्टचं काम शिकवायची शाळा काढली होती. "तुम्ही स्टुलावर बसा आणि पोरांना ओरडा," शेठ म्हणाले, "त्याचाच पगार देतो." ओरडण्याचा पगार मिळतो हे काकांना नवीनच होतं. इतकी वर्षं त्यांनी ते फुकट केलं होतं.

काकूंना विचारलं तर त्या दोऱ्याला गाठ मारत म्हणाल्या, वर्षभर बघू. करमलं तर ठीक, नाही तर आपलं घर आहेच. लेक लग्न होऊन केव्हाच आपल्या संसारात रमली होती, तिच्यासाठी थांबायचा प्रश्न नव्हता. घर एका मास्तरीणबाईंना आणि त्यांच्या नवऱ्याला भाड्याने दिलं. जाड भिंतींच्या त्या घरात मोबाईलला रेंज धड मिळायची नाही, म्हणून मास्तरीणबाईंनी कोनाड्यातला फोन तसाच ठेवून घेतला.

नव्या शहरात चौथ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. खिडकी मोठी, उजेड भरपूर, समोर एका सायकल दुरुस्तीच्या दुकानाचं पत्र्याचं छप्पर आणि त्यावर दिवसभर झोपणारी मांजरं. काकूंनी मशीन खिडकीशी लावलं. तक्रार करायला जागा नव्हती, म्हणून काकांनी लिफ्टची केली. ती लिफ्ट बोलायची. मजला आला की एका बाईच्या गोड आवाजात सांगायची. "मला दिसतंय ना कितवा मजला ते," काका तिला उलट उत्तर द्यायचे. पहिल्याच आठवड्यात ते रंगाची डबी आणि ब्रश घेऊन आत शिरले, तर सोसायटीच्या सेक्रेटरीने त्यांना हटकलं. ही कॉम्प्युटरवर चालते काका, अडकत नाही, आणि नवीन पत्रा आहे, खराब करू नका. काकांनी ब्रश खिशात घातला. अडकत नाही म्हणे! पण डबी परत पलंगाखाली गेली ती गेलीच.

तेव्हापासून काका रोज संध्याकाळी खुर्ची खिडकीशी ओढायचे आणि जुन्या घरी जाऊन यायचे. म्हणजे मनाने. आत्ता तिथे ऊन ओट्यावर आलं असेल. आत्ता कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला कोळसा फुंकत असेल. मास्तरीणबाईंनी मागचं दार नीट लावलं असेल का गं, ते फुगतं, जरा उचलून लावावं लागतं. काकू कात्री चालवत हं म्हणायच्या. मग काका मोठा उसासा टाकून विचारायचे, "तुला इथे करमत नाही ना?" काकू पुन्हा हं म्हणायच्या, किंवा तेही म्हणायच्या नाहीत.

काकांनी त्यातून जे समजायचं ते समजून घेतलं. बाई गप्प झाली होती. तीस-पस्तीस वर्षांत ज्या बाईने एकही संध्याकाळ भांडल्याशिवाय जाऊ दिली नाही, ती हल्ली भांडत नव्हती. भाजीत मीठ कमी आहे म्हटलं तर निमूट मीठ पुढे सरकवायची. आपल्या गुडघ्यांपायी हिला हिच्या माणसांतून उपटून आणलं, ही आतल्या आत झुरतेय, असं काकांना वाटायचं, आणि मग त्यांना शाळेत पोरांवर ओरडायलाही जोर यायचा नाही.

वर्ष सरत आलं तसा मास्तरीणबाईंचा फोन आला. घर आम्हाला विकत द्याल का? फार आवडलंय. दुसरं एक बघून ठेवलंय, त्याच्या मालकाला सोमवारी सांगायचंय, तेव्हा रविवारपर्यंत काय ते कळवा. काकूंनी हे काकांना सांगितलं आणि म्हणाल्या, तुम्ही ठरवा. काका म्हणाले, तू ठरव. मग दोघांनीही ठरवलं नाही आणि रविवार उजाडला.

रविवारी दोघं शहर बघायला जायची, हा नेम काकांनीच घातला होता. नवीन गावात पाय मोकळे केल्याशिवाय गाव आपलं होत नाही, असं ते पहिल्या दिवशी म्हणाले होते. बाहेर पडल्यावर मात्र त्यांचं निराळंच चालायचं. ही बाग आपल्या बागेपेक्षा लहान. हा चहा पाणचट. पूल चांगला आहे, पण आपल्या पुलावरून नदी कशी दिसायची! बिचारी नदी इथेही होती आणि वाहतही होती, पण तिला कोण विचारतो.

त्या रविवारी ते मोठ्या बाजारात गेले. काकूंच्या खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत दोघांचे मोबाईल. काकांचाही मोबाईल त्यांच्याकडे का, तर काकांनी आजवर दोन मोबाईल खिशातून लिफ्टच्या खड्ड्यात पाडले होते आणि काकूंचा त्यांच्यावरचा विश्वास उडाला होता. घराची किल्ली तेवढी काकांकडे. गर्दी मरणाची होती. काका मनाशी वाक्य जुळवत होते. आज विचारायचंच. तुला परत जायचं असेल तर जाऊ, माझ्या नोकरीचा विचार करू नकोस. एवढंच म्हणायचं होतं, पण धीर होत नव्हता, कारण ती हो म्हणाली असती तर या वयात पुन्हा सामान बांधायचं होतं, आणि नाही म्हणाली असती तर ते घर कायमचं जाणार होतं. दोन्हीकडून मरणच.

अशात त्यांच्या कानावर एक आवाज आला. खट्, मग जाळी सरकल्याचा खर्रर्र, मग पुन्हा खट्. काका जागच्या जागी थांबले. कापडाच्या एका जुन्या पाचमजली दुकानात, आत अंधाऱ्या बोळाच्या टोकाला, जाळीच्या दाराची लिफ्ट होती. पितळी दांडा. आत लाकडी स्टुलावर बसलेला म्हातारा लिफ्टमन. काका पहिल्यांदा जिच्या खाली तेलाची डबी घेऊन झोपले होते, तिची सख्खी बहीणच म्हणायची. बायकोला सांगायचं असतं, हे भान सुटलं आणि पाय आत गेले. लिफ्टमनला वाटलं गिऱ्हाईक आहे. मग कळलं की आपल्यातलाच आहे. दोघं वर गेले, खाली आले, परत वर गेले. दोर केव्हा बदलला, ब्रेकचा पट्टा कुठून आणता, असं बोलताना काकांचे डोळे भरून आले आणि लिफ्टमनने आपल्या खिशातला रुमाल पुढे केला.

बाहेर येऊन बघतात तर काकू नाहीत.

आधी काका रागावले. दोन मिनिटं थांबता येत नाही का या बाईला? मग लक्षात आलं की दोन मिनिटं नव्हती. मग मोबाईलसाठी खिशात हात गेला आणि हाताला किल्ली लागली. त्यांनी रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन पाहिलं. तशाच रंगाच्या पिशव्या दिसत होत्या, तशाच चालीच्या बायका दिसत होत्या, पण त्यांची बाई नव्हती. जुन्या गावात चुकामूक झाली तर काय करायचं हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरलेलं होतं. पोस्टाच्या घड्याळाखाली उभं राहायचं. पुढे लेकीलाही तेच शिकवलं होतं. इथे येऊन वर्ष होत आलं, पण अशी जागा ठरवावी हे कोणालाही सुचलं नव्हतं. सुचणार कसं? काकांच्या मते ते इथे राहायला आलेच नव्हते, फक्त थांबले होते.

तरी काकांनी घड्याळ शोधलं. चौकात एका औषधाच्या दुकानाच्या डोक्यावर मोठं घड्याळ होतं, बंद पडलेलं. काका त्याच्याखाली जाऊन उभे राहिले. ऊन समोरच्या भिंतीवर सरकत गेलं. नाही नाही ते मनात येऊ लागलं. ती स्टेशनवर गेली असेल. दिसेल त्या गाडीत बसली असेल. जाऊ दे या माणसाला त्याच्या लिफ्टमागे, म्हणाली असेल, आणि तिचं काय चुकलं? काकांना लहान पोरासारखं रडू येऊ लागलं. पांढऱ्या मिशा घेऊन भर चौकात रडणं बरं दिसणार नाही, म्हणून ते दुकानात शिरले.

औषधवाल्या बाईंनी आपला फोन दिला. काकूंचा नंबर? छे! तो मोबाईलमध्ये होता आणि मोबाईल काकूंकडे होता. काकांचं बोट आपोआप चालायला लागलं आणि जे आकडे पाठ होते तेच लागले. तिकडे कोनाड्यात घंटा वाजली. काकांना ती इथून ऐकू येत होती, कोनाड्यात जरा घुमणारी. क्षणभर त्यांना अगदी खरं वाटलं की आता मशीन थांबेल, आणि काकू डाव्या हाताने रिसीव्हर उचलतील.

"काका ना?" पलीकडे मास्तरीणबाई होत्या. "बरं झालं. घाबरू नका."

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काकूंचा मघाशीच फोन येऊन गेला. म्हणाल्या, त्यांना दुसरा नंबर येत नाही, ते तुझ्याकडेच करतील. असाल तिथेच थांबा, धडपड करू नका, त्या तुम्हाला घ्यायला येतील. कुठे आहात तेवढं सांगा, मी त्यांना कळवते."

कुठे आहात? काकांनी इकडेतिकडे पाहिलं. वर्षभर राहिलेल्या शहरात आपण कुठे उभे आहोत हे त्या माणसाला सांगता येईना. घड्याळ आहे, ते एवढंच म्हणाले.

"घड्याळाखाली असतील, असंही त्या म्हणाल्या होत्या. तिथे घड्याळं तीन आहेत म्हणे. तुमचं चालू आहे का बंद?"

"बंद," काका म्हणाले.

औषधवाल्या बाईंनी त्यांना बसायला स्टूल आणि प्यायला पाणी दिलं. काका बसले. आयुष्यभर त्यांनी लोकांना सोडवलं होतं. दार उघडल्यावर आतल्या माणसाचा चेहरा कसा होतो, हे त्यांच्याइतकं कोणी पाहिलं नसेल. आतून कसं वाटतं हे मात्र आज कळत होतं. आणि एक गोष्ट आणखी कळली, की त्या सगळ्या वर्षांत लोक काकांची वाट बघत नव्हतेच, ते काकूंच्या आवाजाला धरून बसलेले असत.

फार वेळ लागला नाही. काका मोठ्या रस्त्याकडे डोळे लावून बसले होते, आणि काकू आल्या त्या पाठीमागून, दुकानाच्या बाजूच्या अरुंद बोळातून, हातात बटणांची पुडी घेऊन.

"अहो टेलरकाकू," औषधवाल्या बाई म्हणाल्या, "हे तुमचे का? आधी सांगायचं नाही का! माझ्या कोटाचा खिसा लागला का हो?"

काकूंनी खिसा बुधवारी मिळेल म्हणून सांगितलं आणि काकांकडे वळून बघितलं. काकांना वाटलं, आता बोलणार. नाही बोलल्या. पदराने त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला, चला म्हणाल्या, आणि पुन्हा त्या बोळात शिरल्या.

घरी जायला असाही रस्ता आहे हे काकांना माहीत नव्हतं. बोळात एक गादीवाला होता, त्याने काकूंना हात केला. पुढे सुया-दोऱ्यांचं दुकान होतं, तिथल्या म्हाताऱ्याने विचारलं, सापडले का? एका दारात केस विंचरत बसलेल्या दोघी बायका काकांना बघून एकमेकींच्या कानात काहीतरी बोलल्या आणि हसल्या. काकांच्या ध्यानात येऊ लागलं की आपण शाळेत स्टुलावर बसलेलो असताना ही बाई काही खिडकीशी झुरत बसत नव्हती. पुलावर आल्यावर त्यांचे गुडघे बोलायला लागले, तेव्हा दोघं कठड्याशी टेकून उभी राहिली. खाली नदी वाहत होती.

"मला वाटलं, तुला इथे करमत नाही," काका म्हणाले.

"मी म्हटलं का तसं कधी? तुम्हीच रोज म्हणत होतात, आणि उत्तरही तुम्हीच देत होतात."

"मग बोलायचं नाही का? एक वर्ष हं हं करत राहिलीस."

काकू नदीकडे बघत होत्या. "तुम्ही अडकला होतात," त्या म्हणाल्या. "अडकलेल्या माणसाला ओढायचं नसतं, तुम्हीच शिकवलंत मला. ओढलं की जास्त अडकतं. आपण नुसतं या बाजूला थांबायचं आणि हं हं करत राहायचं. भांडलेसुद्धा नाही मी. किती जड गेलं असेल मला, विचार करा."

काका हसले आणि हसता हसता रडले. त्या घराचं दार उचलून कसं लावायचं हे आपल्याशिवाय कोणाला कळणार, असं काहीतरी ते म्हणत होते. काकूंनी त्यांना रडू दिलं. त्यांचेही डोळे ओले होते. त्या घरात त्या नवरी होऊन आल्या होत्या, लेक त्याच घरात चालायला शिकली होती, आणि शेवटच्या दिवशी कोनाड्यातल्या फोनवरून त्यांनी हात फिरवला होता, तो काकांनी पाहिला नव्हता. आठवण काय एकट्या काकांनाच येत होती होय?

मग काकांनी हात पुढे केला. काकूंनी पिशवीतून त्यांचा मोबाईल काढून दिला आणि तो पाण्यात पडू नये म्हणून त्यांचं मनगट धरून ठेवलं. काकांनी नावांत न शोधता आकडे दाबले. मास्तरीणबाईंना म्हणाले, सापडली हो. मग म्हणाले, घर तुमचं. मागचं दार फुगतं, जरा उचलून लावा. पलीकडे त्या बिचाऱ्या आनंदाने नवऱ्याला हाका मारायला लागल्या. काका पुढे म्हणाले, "तेवढा नंबर मात्र तोडू नका. त्या गावच्या लिफ्टमध्ये आहे तो अजून. कोणी अडकलं आणि फोन आलाच, तर एवढंच सांगा, घाबरू नका. बाकीचं ही सांगेल तुम्हाला."

घरी पोहोचेपर्यंत काकूंनी त्यांच्याकडून आपला मोबाईलचा नंबर घोकून घेतला. पाढे पाठ नसलेल्या पोरासारखे काका शेवटच्या आकड्यांशी अडखळत होते, आणि काकू आता मनसोक्त भांडत होत्या. वर्षभराचं साठलेलं होतं. पाणचट चहापासून सुरुवात झाली. इमारतीच्या दारात काकांनी त्यांना थांबवलं, चौथ्या मजल्यावर जाऊन पलंगाखालची डबी काढली, झाकण पिनेने उचकटलं आणि खाली आले. रंग वर आटला होता, खाली ओला होता. काकू दार धरून उभ्या राहिल्या आणि एकेक आकडा सांगत गेल्या. नव्या कोऱ्या पत्र्यावर, बटणांच्या खाली, काकांनी तो पिवळ्या रंगात लिहिला. 'लिफ्ट अडकल्यास घाबरू नये.'

सेक्रेटरीने दुसऱ्या दिवशी चांगला तासभर आरडाओरडा केला. काकांनी ऐकून घेतलं. कॉम्प्युटर असो नाही तर दोर असो, लिफ्ट ती लिफ्ट, आणि पुढे एका संध्याकाळी काकू पडद्याला टीप मारत असताना फोन वाजला. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये सेक्रेटरी अडकले होते, आणि ती बोलणारी बाई गप्प होती.

काकूंनी पाय पायट्यावर ठेवूनच डाव्या हाताने फोन उचलला. "घाबरू नका," त्या म्हणाल्या. "दाराला हात लावू नका. आहात तिथेच थांबा." मग त्यांनी खिडकीशी बसलेल्या काकांकडे पाहिलं. ते आधीच चपला शोधत होते.

"मिस्त्री घरीच आहेत," काकूंनी सांगितलं.